ग्रामपंचायतीने स्वतः नेट द्यावं का? ठराव करण्याआधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीची फायबर केबल जेसीबीने तुटली. नऊ दिवस नेट बंद. तक्रार केली की थोड्या वेळाने 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज यायचा, आणि राउटरवरचा लाल दिवा तसाच. त्याच आठवड्यात पोराच्या ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख होती. त्याला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेलं तेव्हा काम झालं.

पुढच्या ग्रामसभेत एकाने उठून विचारलं, "पाणी पंचायत देते, दिवाबत्ती पंचायत देते, मग नेट का नाही?" प्रश्न बरोबर आहे. आज ई-पीक पाहणी, महाडीबीटी, रेशनची ई-केवायसी, पीक विमा, सगळं नेटवर आलंय. पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढं सोपं नाही. म्हणून ही माहिती एका जागी देत आहे.

गावात आधीच काय आलेलं आहे?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याच्या महाआयटीमार्फत 'महानेट' नावाने झालं. म्हणजे पुष्कळ गावांत सरकारी फायबर ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीपर्यंत पोचलेली आहे. खरा प्रश्न त्या भिंतीपासून तुमच्या घरापर्यंतच्या तारेचा आहे.

या योजनेचा पैसा कुठून येतो तेही माहीत असावं. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के हिस्सा सरकार एका वेगळ्या निधीसाठी घेतं. त्याला आता 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. आपण भरतो त्या रिचार्जमधूनच तो येतो. म्हणजे गावात नेट आणण्याचे पैसे आपण थोडे थोडे आधीच भरतोय.

पहिल्या टप्प्यातली फायबर बहुतेक ठिकाणी एका सरळ ओळीत टाकली होती. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं बंद. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत रिंग पद्धत घेतली. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने नेट यावं, हा हेतू. शिवाय १० वर्षांच्या देखभालीची जबाबदारी ठेक्यातच घातली. तार टाकणं सोपं, सांभाळणं अवघड, हे यावरूनच कळतं.

पंचायत थेट नेट विकू शकते का?

इंटरनेट सेवा विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि आजवरच्या पद्धतीत तो कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीला मिळतो. ग्रामपंचायत म्हणजे कंपनी नव्हे. त्यामुळे 'उद्यापासून पंचायतीचं नेट' असा नुसता ठराव करून भागत नाही.

पण एक दार उघडं आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. यात किराणा दुकानदार, चहावाला, बचत गट किंवा पंचायत कार्यालय 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणजे पीडीओ होऊ शकतं. त्याला परवाना, नोंदणी, फी काही लागत नाही. कंपनीकडून ब्रॉडबँड घ्यायचं, वायफायचा डबा बसवायचा आणि लोकांना छोट्या रकमेची कूपनं विकायची. पूर्वी कंपन्या पीडीओला महागडी लाइन घ्यायला लावायच्या. २०२५ मध्ये ट्रायने ठरवलं की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनचा जो दर, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पीडीओकडून घेता येणार नाही.

बाजूने काय म्हणता येतं?

कंपनी हिशेब बघून तार टाकते. बाजाराच्या गावात दोन-तीन जण येतात, पण ६० उंबऱ्यांच्या वाडीत कोणी येत नाही. जिथे एकच पुरवठादार आहे तिथे दर तो सांगेल तो आणि दुरुस्ती त्याच्या सवडीने. पंचायतीने सेवा दिली तर निदान ग्रामसभेत उभं राहून जाब विचारता येतो.

आणि पंचायतीने खासगी धंद्याशी स्पर्धा करणं आपल्याकडे नवीन नाही. कितीतरी पंचायती आरओचं पाणी ५ रुपयांत २० लिटर देतात, खासगी जारवाले असतानाही. छत्रपती संभाजीनगर तालुक्यातल्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं, हे राज्याला माहीत आहे.

विरोधात काय म्हणता येतं?

पहिली गोष्ट, पंचायत कंपन्यांकडून टॉवरचा कर घेते आणि खोदाईची परवानगीही तीच देते. तिनेच नेट विकायला घेतलं तर पंच आणि बॅट्समन एकच होईल. गावातला केबलवाला पोरगा कर्ज काढून धंदा करतो, त्याच्यासमोर पंचायत कराच्या पैशातून कमी दराने उभी राहिली तर तो बसतो. आणि दोन वर्षांनी पंचायतीचंही बंद पडलं तर गावाचे दोन्ही हात रिकामे.

दुसरी गोष्ट निधीची. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. उरलेल्या ४० टक्के अबंधित निधीतूनही पगार देता येत नव्हता. मग तार जोडणाऱ्या माणसाचा पगार कुठून काढायचा?

तिसरी गोष्ट आपल्यालाच टोचणारी. आमची केबल तोडणारा जेसीबी नळ योजनेची चारी खोदायला आला होता. म्हणजे कामही गावचंच होतं. मोटर जळल्यावर पाणी यायला किती दिवस लागतात ते आठवा आणि मग नेटचा विचार करा.

दुसरीकडे काय झालं?

अमेरिकेत चॅटनूगा शहराच्या मालकीची वीज संस्था आहे. तिने विजेच्या जाळ्यासाठी फायबर टाकली आणि २०१० मध्ये सगळ्या ग्राहकांना १ गिगाबिटचं नेट देऊ केलं. त्यासाठी केंद्राचं सुमारे ११ कोटी डॉलर अनुदान मिळालं होतं. खासगी कंपन्या आधीच कोर्टात गेल्या होत्या, पण योजना टिकली. २०२० मध्ये कोरोनाकाळात सुमारे २८ हजार गरीब विद्यार्थ्यांना घरी मोफत नेट देण्याचं काम याच जाळ्यावरून सुरू झालं. शेजारच्या खेड्यांनाही ते हवं होतं, पण वीज हद्दीबाहेर नेट विकायला राज्याच्या कायद्याची आडकाठी होती. केंद्रीय आयोगाने २०१५ मध्ये ती काढली, कोर्टाने २०१६ मध्ये परत बसवली.

त्याच देशात प्रोव्हो शहराने ३९ कोटी नव्हे, पण जवळपास ३ कोटी ९० लाख डॉलरचं कर्ज काढून असंच जाळं उभारलं. ते चाललं नाही. २०१३ मध्ये ते गूगलला फक्त १ डॉलरला दिलं. कर्जाचे हप्ते मात्र लोक शहराच्या मासिक बिलातून पुढेही भरत राहिले.

केरळ सरकारने जून २०२३ मध्ये 'के-फोन' सुरू केलं. वीज मंडळाच्या खांबांवरून फायबर, सरकारी कार्यालयांना जोडण्या आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत नेटचं उद्दिष्ट. पहिल्या टप्प्यात मात्र प्रत्येक मतदारसंघात १०० कुटुंबं एवढंच धरलं. घरापर्यंतच्या जोडणीसाठी त्यांनी स्थानिक केबलवाल्यांनाच सोबत घेतलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

स्वीडनच्या स्टॉकहोम शहराची तऱ्हा वेगळी. तिथे १९९४ पासून शहराची कंपनी फक्त फायबर टाकते आणि कोणत्याही कंपनीला सारख्या भाड्याने देते. घरगुती ग्राहकाला नेट ती स्वतः विकत नाही.

हिशेब करून बघा

समजा १०० घरांनी ४०० रुपयांची जोडणी घेतली. महिन्याला ४० हजार जमा, जीएसटी वेगळा. त्यातून मागच्या कंपनीला बँडविड्थचं बिल, तांत्रिक माणसाचा पगार, वीज, बॅटरी, तुटलेली तार. आता पाणीपट्टीसारखी ३० घरांची थकबाकी राहिली तर हातात २८ हजार. बँडविड्थचं बिल मात्र कमी होत नाही. निवडणुकीच्या वर्षात थकबाकीदाराचं कनेक्शन कोण तोडणार, हाही प्रश्न आहेच.

मधला रस्ता: गाळे बांधा, दुकान चालवू नका

ग्रामपंचायत चौकात गाळे बांधते आणि भाड्याने देते, दुकान स्वतः चालवत नाही. नेटचंही तसंच करावं, असं मला वाटतं. रस्ता किंवा गटार करताना बाजूला रिकामा पाइप टाकून ठेवावा. त्यातून कोणीही केबल न्यावी, अट सगळ्यांना सारखी. खोदाईच्या परवानगीला मनाला येईल तेवढी फी लावता येत नाही, पण रस्ता पूर्ववत करून देण्याची अट घालता येते, ती घालावी.

जिथे खासगी सेवा बरी चालते तिथे पंचायतीने धंद्यात उतरू नये. जिथे कोणीच येत नाही त्या वाडीत मात्र हात बांधून बसू नये. तिथे पीएम-वाणीचा डबा शाळेवर किंवा समाजमंदिरावर बसवून तो बचत गटाकडे द्यावा. खर्च थोडा, आणि नाही चाललं तर गाव बुडत नाही.

ग्रामसभेत हे प्रश्न विचारा

१. आपल्या कार्यालयात भारतनेट किंवा महानेटची जोडणी आहे का? आज चालू आहे का? बंद असेल तर तक्रार कधी केली, तिचा क्रमांक काय?

२. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्राला त्यावरून नेट मिळतं का?

३. गावात किती पुरवठादार आहेत? कोणत्या वस्तीत एकही नाही?

४. पंचायतीने सेवा सुरू केली तर पहिल्या वर्षानंतरचा खर्च कोणत्या खात्यातून?

५. खोदाईआधी केबल कुठून गेली आहे हे ठेकेदाराला दाखवायची जबाबदारी कोणाची?

आमच्या गावात पाचव्या प्रश्नावर ठराव झाला. चारी खोदायच्या आदल्या दिवशी केबलवाल्याला फोन करायचा आणि त्याने चुन्याची रेघ मारून द्यायची. खर्च शून्य. या उन्हाळ्यात दोनदा खोदाई झाली, केबल शाबूत आहे. बाकीच्या चार प्रश्नांची उत्तरं पुढच्या ग्रामसभेत मागणार आहोत. तुम्हीही मागा.