महाविद्यालयीन अध्यापकांची घडण : सातारा व सांगली

प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांसाठी अध्यापनशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण असते. महाविद्यालयीन अध्यापकास मात्र पदव्युत्तर पदवी किंवा संशोधन हीच पुरेशी तयारी मानण्याची प्रथा आहे. या प्रथेची चिकित्सा करण्यास सातारा व सांगली या जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास उपयुक्त ठरतो.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीने (स्थापना १८८४) १९१९ मध्ये सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय स्थापन केले. सोसायटीची परंपरा आजीव सदस्यत्वाची होती. तरुण पदवीधराने वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करावयाची. आरंभीच्या पिढीत वेतन दरमहा ७५ रु. असे. केंब्रिज येथे १८९९ मध्ये ‘सीनियर रँग्लर’ ठरलेले र. पु. परांजपे हेही आपली प्रतिज्ञा पाळून फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. अध्यापन आणि संस्थेचा कारभार ही दोन्ही कामे नवा सदस्य ज्येष्ठांच्या सहवासात शिके; लेखी अभ्यासक्रम नव्हता. मात्र ही निवड एका लहान, आधीच सुशिक्षित वर्तुळातून होत असे, ही तिची मर्यादा होय.

ती मर्यादा ओलांडण्याचे कार्य कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी केले. त्यांनी १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व स्वकष्टाने शिकत. भाऊरावांनी शिक्षक तयार करण्याचा प्रश्न शाळा काढण्याच्या प्रश्नापासून वेगळा मानला नाही : ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय निघाले आणि माध्यमिक शिक्षकांसाठी १९५५ मध्ये आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय. दरम्यान साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय (१९४७) व कराडला सद्गुरु गाडगे महाराज महाविद्यालय (१९५४) सुरू झाले. पहिल्यात ‘कमवा व शिका’ योजना राबविली गेली. वसतिगृहातील विद्यार्थ्याने उच्च शिक्षण घेऊन संस्थेतच अध्यापक म्हणून परतावे, असा क्रम रूढ झाला. बॅरिस्टर पां. ग. पाटील हे याचे ठळक उदाहरण. भाऊरावांचे हे विद्यार्थी इंग्लंडहून परतल्यावर साताऱ्यात प्राचार्य व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्याने शेतात कुदळ चालविली आहे, त्याला पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची अडचण समजावून द्यावी लागत नाही. ही तयारी कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदली जात नाही, हे खरे.

तांत्रिक शिक्षणात प्रश्न अधिक बिकट झाला. सांगलीस १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले (१९५५ पासून वालचंद महाविद्यालय). कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. कुशल अभियंत्यास उद्योगधंद्यात अधिक वेतन मिळे. त्यामुळे अध्यापक टिकविणे हीच मोठी चिंता होती. केंद्र शासनाच्या गुणवत्ता सुधार योजनेमुळे (१९७०) सेवेतील अध्यापकांना भारतीय तंत्रविज्ञान संस्थांत सवेतन उच्च पदवी घेता येऊ लागली. तिचा भर विषयज्ञानावर होता. वर्ग कसा चालवावा, हे पुष्कळांनी वर्गातच शिकून घेतले.

जैव अभियांत्रिकीसारख्या संमिश्र विषयात ही उणीव विशेष जाणवते. विज्ञान महाविद्यालयातील पदासाठी सामान्यतः राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा अथवा पीएच्. डी. लागते, अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या पदासाठी अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी पुरते. जीवशास्त्राकडून आलेला संशोधक आणि यंत्रशास्त्राकडून आलेला अभियंता एकाच प्रयोगशाळेत काम करीत असले, तरी त्यांना अध्यापनाची दारे वेगवेगळी आहेत. पात्रता परीक्षेत विषयज्ञान व तर्कशक्ती यांची पारख होते. प्रत्यक्ष पाठ घेण्याची कसोटी तीत नाही. तांत्रिक शिक्षण परिषदेने नवोदित अध्यापकांसाठी आठ घटकांचा प्रशिक्षणक्रम आखला, तो नेमणुकीनंतरचा.

महाराष्ट्रात अनेक पदे रिक्त राहून तासिका तत्त्वावर अध्यापक नेमले जातात. अशा अध्यापकास दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करावी लागते. ज्येष्ठांच्या हाताखाली काही वर्षे शिकण्याची जी सवड विलिंग्डनच्या किंवा रयतेच्या तरुणास लाभली, ती त्याला लाभत नाही.