खुडूक कोंबडीचं मोल



डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर देवाला मान द्यायचा असो की पाहुणा आलेला असो, परसातली कोंबडीच कामाला येते. तिची पैदास करायला यंत्र लागत नाही. देशी कोंबडी खुडूक बसली की २१ दिवसांत पिल्लं निघतात. रानकोंबडी चार अंडी घालून त्यांवर बसायची. तोच स्वभाव देशी कोंबडीनं जपला आहे. मग पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबडीत हा गुण का दिसत नाही?

कारण तो माणसानंच घालवला. खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. म्हणून परदेशात लेगहॉर्न जातीतून खुडूक न होणाऱ्या माद्याच पिढ्यान् पिढ्या निवडल्या गेल्या आणि उबवणीचं काम यंत्राकडे गेलं. आपल्या देशात १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. पुढे मोठ्या पोल्ट्रीचा धंदा फोफावला. देशी कोंबडी वर्षाला ४० ते ६० अंडी देते, तर ही ३०० च्या आसपास. अंडी वाढली, पण अंड्यांच्या पोल्ट्रीत नर नसतो. त्यामुळे दुकानातलं अंडं कितीही उबवलं तरी त्यातून पिल्लू निघत नाही. परसासाठी हैदराबादला तयार केलेली वनराजा कोंबडीसुद्धा क्वचितच खुडूक बसते.

तेव्हा सुधारित पक्षी जरूर आणा, पण खुडूक बसणारी देशी कोंबडी विकू नका. ती गेली तर दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतील.

उबवणीची अंडी अशी जमवा :

१. ८ ते १० कोंबड्यांमागे एक चांगला नर ठेवा. नर गेल्यावर आठवडाभर अंडी फलित मिळतात, पुढे भरवसा नाही.

२. अंडी रोज गोळा करा, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. मध्यम आकाराची, न तडकलेली निवडा. धुऊ नका.

३. घरातल्या गार जागी, तुसावर, निमुळतं टोक खाली करून ठेवा. आठवड्याच्या आतली अंडी घ्या. एप्रिल-मे महिन्यांत तीन-चार दिवसांचीच.

४. टोपलीत भाताचा पेंढा घालून १० ते १२ अंडी ठेवा आणि कोंबडी संध्याकाळी बसवा. दाणा-पाणी जवळच असू द्या.

५. सातव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, कोरं दिसलं तर काढा.

सगळी अंडी बाजारात नेऊ नका. एका खुडूक कोंबडीपुरती तरी घरी राखा.