नॅक्सॉसचे लोकरी केस

एजियन समुद्रातील सायक्लेडीज द्वीपसमूहात नॅक्सॉस हे सर्वांत मोठे बेट. व्हेनिशियन सरदारांचा आणि त्यांच्यामागून तुर्कांचा अंमल पाहिलेले हे बेट संगमरवरासाठी आणि कुरुंदाच्या खाणींसाठी पूर्वापार विख्यात आहे. जेथे माणसे खाणीत आणि शेतात राबतात, तेथे कुणाच्या तळहातांची कातडी जाड आणि राठ झालेली दिसली, तर त्याचे नवल ते कोणास वाटावे? परंतु काही घराण्यांत ही जाडी कष्टांची नव्हती. मूल जन्मास येई ते लोकरीसारखे कुरळे, राठ केस घेऊनच. ते रांगू-चालू लागले, हातांचा वापर करू लागले, की तळहात-तळपाय जाड होत. आणि पुढे ऐन तारुण्यात त्यातील एखाद्यास भोवळ येई, छाती धडधडे, क्वचित एकाएकी मृत्यूच गाठी.

केस आणि कातडी त्वचारोगतज्ज्ञाकडे, हृदय हृद्रोगतज्ज्ञाकडे, अशी वैद्यकातील वहिवाट असल्यामुळे ही तिन्ही लक्षणे एकाच दप्तरात नोंदली जाणे कठीणच होते. ते काम निकोस प्रोटोनोटारिओस, अडालेना त्सात्सोपुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले: १९८६ साली त्यांनी नॅक्सॉसच्या चार कुटुंबांतील नऊ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. माझ्या मते यात उपकरणांपेक्षा घराण्यांच्या परिचयाचे श्रेय अधिक आहे.

कारण उमगावयास मात्र २००० साल उजाडावे लागले. पेशींना परस्परांशी जखडून ठेवणाऱ्या प्लाकोग्लोबिन नामक प्रथिनाच्या जनुकातील दोन अक्षरे गळालेली आढळली. ज्या अपत्यास माता आणि पिता या दोघांकडूनही हा दोष येतो, त्यालाच ही व्याधी जडते. त्वचेत, केसांत आणि हृत्स्नायूंत हे बंधन एकच असल्याने, सतत ताण सोसणाऱ्या हृदयाच्या, विशेषतः उजव्या खालच्या कप्प्याच्या पेशी विलग होऊन मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतू साचतात, आणि ठोक्यांची लय बिघडते.

इक्वेडोरमध्ये कार्वाहाल या त्वचारोगतज्ज्ञाने १९९८ साली अशाच केसांच्या, परंतु प्रामुख्याने डावा कप्पा दुबळा झालेल्या रुग्णांची नोंद केली. तेथे दोष डेस्मोप्लाकिन या दुसऱ्या प्रथिनाचा निघाला. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. म्हणून जन्मतः लोकरी केस आणि जाड तळवे असलेल्या मुलास केवळ मलम देऊन परत पाठवू नये. त्याचा आणि त्याच्या भावंडांचा हृदयालेख अवश्य काढावा.