फँटसी स्टॉक कार शर्यत : ट्रॅकनुसार चालकनिवड

फँटसी स्टॉक कार शर्यत हा अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींच्या निकालांवर बेतलेला खेळ. त्यात भाग घेणारा शर्यतीत उतरणाऱ्या चालकांमधून आपला संघ निवडतो आणि त्या चालकांच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून त्याला गुण मिळतात. ड्रीम११मुळे भारतात परिचित झालेल्या फँटसी क्रिकेटचीच ही मांडणी आहे. नॅस्कार ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. तिच्या कप मालिकेत गुण मोजल्या जाणाऱ्या ३६ शर्यती असतात. त्या ज्या ट्रॅकवर होतात, त्यांची लांबी, आकार, वळणांचा तिरपेपणा आणि पृष्ठभाग यांत मोठा फरक असल्याने दर आठवड्याला नव्या ट्रॅकचा विचार करून संघ बांधावा लागतो.

गुणपद्धती : ड्राफ्टकिंग्ज या फँटसी खेळांच्या कंपनीच्या प्रचलित पद्धतीत ५०,००० डॉलरच्या काल्पनिक रकमेत सहा चालक घ्यायचे असतात. नावाजलेला चालक महाग, तळाचा स्वस्त. गुण चार बाबींवर मिळतात : शर्यतीतील अंतिम क्रमांक, सुरुवातीच्या क्रमांकापेक्षा कमावलेली किंवा गमावलेली स्थाने (प्रत्येक स्थानाला एक गुण, अधिक किंवा उणे), आघाडीवर राहून पूर्ण केलेल्या फेऱ्या (प्रत्येकी ०.२५ गुण) आणि सर्वांत वेगवान ठरलेल्या फेऱ्या (प्रत्येकी ०.४५ गुण). इतर खेळांत चालकांची संख्या व गुणांचे प्रमाण वेगळे असते.

फेऱ्यांचे गणित : ट्रॅक जितका लहान, तितक्या फेऱ्या जास्त आणि आघाडीचे गुणही जास्त. व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल ट्रॅक ०.५२६ मैलांचा आहे. तेथील शरद ऋतूतील शर्यत ५०० फेऱ्यांची असल्याने केवळ आघाडीसाठी १२५ गुण उपलब्ध असतात. अडीच मैलांच्या डेटोनावरील ‘डेटोना ५००’ ही शर्यत २०० फेऱ्यांची. तेथे हेच गुण ५० भरतात. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेनच्या २०२५ मधील ९० फेऱ्यांत ते २२.५ वर आले. त्यामुळे मार्टिन्सव्हिलसाठी संघ निवडताना दीर्घकाळ आघाडीवर राहू शकणारे एक-दोन चालक हेरणे हे पहिले काम ठरते, तर वॉटकिन्स ग्लेनवर अंतिम क्रमांक आणि कमावलेली स्थाने यांनाच वजन येते.

लहान ट्रॅक : एक मैलाहून कमी लांबीच्या ट्रॅकमध्ये मार्टिन्सव्हिल, ब्रिस्टल आणि रिचमंड यांची गणना होते. मार्टिन्सव्हिलचा आकार कागदाला लावायच्या क्लिपसारखा आहे : दोन सरळ पट्टे आणि टोकांना आवळलेली, जेमतेम १२ अंश तिरपी वळणे. तेथे पुढच्या गाडीला ओलांडणे किती अवघड, हे ३० ऑक्टोबर २०२२ च्या शर्यतीत दिसले. शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेन यांनी वेग कमी न करता गाडी बाहेरच्या भिंतीला घासत वळणातून काढली आणि दहाव्या क्रमांकावरून पाचव्यावर मजल मारली. नॅस्कारने पुढे अशा चालीला मनाई केली. साध्या मार्गाने पाच स्थाने मिळवायला तेथे बराच वेळ लागतो. म्हणून अशा ट्रॅकवर पात्रता फेरीत पुढे आलेल्या वेगवान चालकाला पसंती देतात. ब्रिस्टलची लांबी जवळपास तेवढीच असली, तरी पृष्ठभाग काँक्रीटचा आणि वळणे बरीच तिरपी आहेत. त्यामुळे मार्टिन्सव्हिलचा अनुभव तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

मध्यम लांबीचे ट्रॅक : शार्लट, लास व्हेगस, कॅन्सस आणि होमस्टेड हे दीड मैलाचे ट्रॅक या गटात येतात. येथे गाडीच्या घडणीला आणि पिटमधील (इंधन आणि टायर बदलण्याच्या थांब्यावरील) कामाला महत्त्व असल्याने चालकाबरोबर त्याच्या संघाची अलीकडची कामगिरी पाहतात. सरावात एखादीच फेरी जलद मारणाऱ्यापेक्षा सलग दहा-पंधरा फेऱ्यांत सरासरी वेग टिकवणारा चालक उपयोगाचा ठरतो. शार्लटची ‘कोका-कोला ६००’ ही शर्यत ४०० फेऱ्यांची असते. ती संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपते. ट्रॅक थंड होत जातो आणि आधी मागे असलेली गाडीही पुढे येऊ शकते.

दक्षिण कॅरोलायनातील डार्लिंग्टन हा १.३६६ मैलांचा ट्रॅक वेगळा पाहावा लागतो. १९५० मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकची एक बाजू जमीनमालकाचे मासळीचे तळे वाचवण्यासाठी आखूड ठेवावी लागली, म्हणून त्याचा आकार अंड्यासारखा झाला. दोन टोकांची वळणे सारखी नसल्याने एका टोकाला जमणारी गाडी दुसऱ्या टोकाला अडते. खरखरीत पृष्ठभागावर टायर लवकर झिजतात आणि वेगाची वाट भिंतीला लागून जाते. उजवी बाजू घासून निघालेल्या गाड्या तेथे नेहमी दिसतात. टायर राखून चालवणारे अनुभवी चालक येथे भरवशाचे मानले जातात.

ड्राफ्टिंगचे ट्रॅक : पुढच्या गाडीच्या मागे वाऱ्याचा अडथळा कमी होतो, त्या आडोशाने धावणे म्हणजे ड्राफ्टिंग. फ्लोरिडातील डेटोना आणि अलाबामातील २.६६ मैलांचा टॅलाडेगा हे त्याचे मुख्य ट्रॅक. १९८७ मध्ये टॅलाडेगा येथे बॉबी अ‍ॅलिसन यांची गाडी हवेत उडून प्रेक्षकांपुढील जाळीवर आदळली. त्यानंतर १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा रोखून शक्ती कमी करण्यात आली. परिणामी गाड्या एकमेकींना चिकटून झुंडीने धावतात आणि एका चुकीने डझनावारी गाड्या अपघातात सापडतात. अशा अपघाताला ‘बिग वन’ म्हणतात.

येथे निवडीचे सूत्र उलटे होते. पहिल्या क्रमांकावरून सुटणारा चालक विसाव्या क्रमांकावर आला, तर त्याचे १९ गुण वजा होतात. ३८ व्या क्रमांकावरून सुटलेला १२ वा आला, तर त्याला २६ गुण मिळतात. म्हणून मागून सुटणारे, स्वस्त चालक येथे घेतले जातात. २०२१ ची ‘डेटोना ५००’ मायकेल मॅकडॉवेल यांनी जिंकली. त्याआधी ३५० हून अधिक शर्यतींत त्यांना एकही विजय मिळाला नव्हता. अटलांटाचा ट्रॅक १.५४ मैलांचाच आहे. पण २०२२ पूर्वी त्याची वळणे २८ अंशांपर्यंत तिरपी करण्यात आली आणि तोही या गटात गेला. त्याचे वर्गीकरण लांबीवरून केल्यास निवड चुकते.

रोड कोर्स : सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि ऑस्टिन या ट्रॅकवर डावी-उजवी दोन्ही वळणे असतात, गिअर आणि ब्रेकवरील हुकमत निर्णायक ठरते. न्यूझीलंडचे शेन व्हॅन गिझबर्गन यांनी जुलै २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पहिलीच कप शर्यत जिंकली. २०२५ मध्ये त्यांनी मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लटचा रोव्हल (तेथील रोड कोर्स) येथे विजय मिळवले. पाचपैकी एकही लंबवर्तुळाकार ट्रॅकवरचा नव्हता. इंधन आणि टायर बदलण्याच्या वेळा प्रत्येक संघ वेगळ्या ठरवत असल्याने येथे आघाडी अनेकांत विभागली जाते.

सुरुवातीचा क्रमांक : पात्रता फेरीनंतर क्रमवारी जाहीर होते आणि मगच संघ पक्का करतात. सरावात गाडी आदळल्याने किंवा तपासणीत अडकल्याने पात्रता फेरीत वेळ नोंदवू न शकलेला चांगला चालक मागून सुटतो. त्याला स्थाने कमावण्याची मोठी संधी असते. याउलट क्रमवारी लागल्यानंतर शिक्षा म्हणून मागे धाडलेल्या चालकाचा मूळ क्रमांकच गुणांसाठी धरला जातो, त्यामुळे असा चालक तोट्याचा ठरू शकतो.

हंगामभराचा खेळ : काही खेळांत एक चालक हंगामात ठरावीक वेळाच वापरता येतो. अशा वेळी अव्वल चालक डेटोना आणि टॅलाडेगाच्या बेभरवशाच्या शर्यतींत खर्च न करता मध्यम लांबीच्या ट्रॅकसाठी राखून ठेवतात आणि रोड कोर्सचे जाणकार फक्त त्याच शर्यतींत उतरवतात.

जुन्या नोंदींची मर्यादा : २०२२ पासून ‘नेक्स्ट जेन’ ही नवी गाडी वापरात आली. तिची मागची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात आणि चाक एकाच नटाने बसते. लहान ट्रॅकवर या गाडीने पुढच्याला ओलांडणे आणखी कठीण झाले. त्यामुळे त्याआधीच्या विजयांना कमी वजन देतात. एका ट्रॅकवर वर्षाला एक-दोनच शर्यती होत असल्याने आकडेही थोडे असतात. ती उणीव सारख्या वळणांच्या आणि सारख्या झिजेच्या इतर ट्रॅकवरील कामगिरी एकत्र पाहून भरून काढतात.