जर्मन चर्चसंघर्ष

जर्मन चर्चसंघर्ष : नाझी राजवटीच्या काळात (१९३३–४५) जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, तसेच चर्च व शासन यांच्यामध्ये झालेला संघर्ष. जर्मन भाषेत तो ‘किर्खेनकाम्फ’ या नावाने ओळखला जातो. वरवर पाहता हा वाद चर्चची घटना, बिशपची निवड व पाळकांची पात्रता यांविषयीचा होता. तथापि त्याच्या मुळाशी ख्रिस्ती श्रद्धेने राजकीय मताला कोणते वळण द्यावे, हा जुना प्रश्न होता. एकाच बायबलचा व एकाच ल्यूथरचा आधार घेऊन काहींनी हिटलरची सत्ता ही ईश्वरी देणगी मानली. काहींनी चर्चच्या स्वातंत्र्यापुरता विरोध केला. तर अगदी थोड्यांनी चर्चबाहेरील पीडितांसाठी उभे राहणे हेही श्रद्धेचेच कर्तव्य ठरविले. या तीन भूमिकांतील अंतरामुळेच या संघर्षाला जर्मनीबाहेरही महत्त्व प्राप्त झाले.

पार्श्वभूमी : राजसत्तेसंबंधी ‘नव्या करारा’त दोन प्रकारची शिकवण आढळते. सत्ताधाऱ्यांना ईश्वराने नेमलेले असल्यामुळे त्यांच्या अधीन असावे, असे संत पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे. तर माणसांची आज्ञा ईश्वराच्या आज्ञेआड आल्यास ईश्वराचीच आज्ञा पाळावी, ही प्रेषितांची भूमिका ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नमूद आहे. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) १५२३ मध्ये ऐहिक सत्तेविषयी लिहिलेल्या प्रबंधात या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. ईश्वर शुभवर्तमानाच्या द्वारे माणसाच्या अंतःकरणावर आणि कायदा व तलवार यांच्या द्वारे त्याच्या बाह्य वर्तनावर राज्य करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. राजाचा अधिकार आत्म्यावर चालत नाही, ही मर्यादाही त्याने त्याच प्रबंधात घातली होती. पुढे मात्र या ‘दोन राज्यां’च्या सिद्धांताचा, राजकारण हे श्रद्धेच्या कक्षेबाहेरचे क्षेत्र आहे, असा सोयीचा अर्थ लावण्यात येऊ लागला.

या अर्थाला संस्थात्मक रचनेनेही बळ दिले. १५५५ च्या ऑग्झबर्गच्या तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ, हे तत्त्व मान्य केले आणि प्रॉटेस्टंट संस्थानांत राजा हाच चर्चचा प्रमुख झाला. ही व्यवस्था १९१८ मध्ये राजसत्तेबरोबरच संपुष्टात आली. १९१९ च्या वायमार संविधानाने शासकीय चर्च रद्द केले. देशातील २८ प्रादेशिक प्रॉटेस्टंट चर्च स्वायत्त झाली. पण त्यांतील बहुतेक पाळकांना प्रजासत्ताकाविषयी आपुलकी वाटत नव्हती. पराभव, व्हर्सायचा तह व साम्यवादाची भीती यांमुळे राष्ट्रीय पुनरुत्थानाची भाषा त्यांना जवळची वाटे. नाझी पक्षाच्या १९२० च्या कार्यक्रमातील २४ व्या कलमात ‘सकारात्मक ख्रिस्ती धर्मा’चा पुरस्कार केलेला होता. त्याचा नेमका अर्थ अस्पष्ट असला, तरी अनेकांच्या शंका त्यामुळे दूर झाल्या.

‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळ : १९३२ मध्ये नाझी विचारसरणीच्या प्रॉटेस्टंटांनी ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची चळवळ सुरू केली. वंश, लोक व राष्ट्र या ईश्वरनिर्मित व्यवस्था असून इतिहासातील महान घटनांतूनही ईश्वर प्रकट होतो, ही तिची तात्त्विक बैठक होती. यावरून १९३३ चे सत्तांतर हे ईश्वराचेच कार्य आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. २३ जुलै १९३३ रोजी झालेल्या चर्चच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी स्वतः हिटलरने आकाशवाणीवरून या गटाचा पुरस्कार केला. त्याला बहुमत मिळाले आणि २७ सप्टेंबर रोजी लूटव्हिख म्यूलर हा राष्ट्रीय बिशप म्हणून निवडला गेला. दरम्यान प्रशियातील सर्वांत मोठ्या प्रादेशिक चर्चने सप्टेंबरच्या आरंभीच तथाकथित ‘आर्य कलम’ स्वीकारले होते. ज्यू वंशाच्या व्यक्तींना शासकीय सेवेतून काढणाऱ्या ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यातील तरतूद त्यायोगे पाळकांनाही लागू झाली.

देशातील सु. १८,००० पाळकांमध्ये ज्यू वंशाच्या पाळकांची संख्या अत्यल्प होती. परंतु प्रश्न संख्येचा नव्हता. बाप्तिस्म्याने मिळालेले सदस्यत्व रक्ताच्या कसोटीवर नाकारता येते, हे मान्य केल्यास चर्च हे चर्चच राहत नाही, अशी विरोधकांची धारणा होती. बर्लिनमधील पाळक मार्टिन नीमलर (१८९२–१९८४) याने सप्टेंबर १९३३ मध्ये ‘पाळकांचा आपत्कालीन संघ’ स्थापन केला आणि जानेवारी १९३४ पर्यंत सु. ७,००० पाळक त्यात सामील झाले. नीमलर हा पहिल्या महायुद्धातील पाणबुडीचा कप्तान असून मार्च १९३३ मध्ये त्याने नाझी पक्षालाच मत दिले होते. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडाप्रासादात भरलेल्या जर्मन ख्रिस्त्यांच्या प्रचंड सभेत ‘जुना करार’ टाकून देण्याची मागणी झाली. तीमुळे आजवर तटस्थ राहिलेले अनेक जण या चळवळीपासून दूर गेले.

बार्मेनचे घोषणापत्र : २९ ते ३१ मे १९३४ या दिवसांत वुपर्टालमधील बार्मेन येथे विरोधी गटाची पहिली देशव्यापी धर्मपरिषद भरली. ल्यूथरन, रिफॉर्म्ड व संयुक्त अशा तिन्ही परंपरांतील सु. १४० प्रतिनिधी तीस उपस्थित होते. तेथे संमत झालेल्या घोषणापत्राचा मसुदा मुख्यतः स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ (१८८६–१९६८) याने तयार केला होता. या परिषदेतून ‘श्रद्धाघोषक चर्च’ (बेकेनेंडे किर्खे) उदयास आले. घोषणापत्रात सहा विधाने असून प्रत्येकासोबत त्याज्य ठरविलेले मतही दिलेले आहे. ख्रिस्त हाच ईश्वराचा एकमेव शब्द असून त्याच्या जोडीला अन्य घटना, सत्ता वा व्यक्ती यांना ईश्वरी प्रकटीकरणाचा स्रोत मानता येणार नाही, हे पहिल्या विधानाचे सार होय. जीवनाचे कोणतेही क्षेत्र ख्रिस्ताच्या अधिकाराबाहेर नाही, असे दुसरे विधान सांगते. तिसऱ्या व चौथ्या विधानांनी चर्चची रचना प्रचलित विचारसरणीनुसार बदलण्यास आणि चर्चमध्ये ‘नेता’ तत्त्व आणण्यास विरोध केला. सहाव्या विधानाने चर्चचा संदेश कोणत्याही मानवी हेतूच्या दावणीला बांधण्यास नकार दिला.

राजकीय दृष्ट्या पाचवे विधान सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याने राज्यसंस्था नाकारली नाही. न्याय व शांतता राखणे आणि त्यासाठी आवश्यक तेव्हा बळाचा वापर करणे, हे तिचे ईश्वरदत्त कार्य मानले. पण हे कार्य मर्यादित आहे, यावरच विधानाचा भर होता. मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था होण्याचा अधिकार राज्यास नाही, त्याचप्रमाणे राज्याची कामे अंगावर घेऊन त्याचे अंग बनण्याचा अधिकार चर्चला नाही, असे त्यात म्हटले आहे. ईश्वराच्या राज्याची व न्यायाची आठवण देऊन राज्यकर्ते व प्रजा या दोघांनाही जबाबदारीची जाणीव करून देणे, हे चर्चचे काम ठरले. या घोषणापत्राला ल्यूथरन पंथातूनच उत्तर आले. जून १९३४ मध्ये वेर्नर एलर्ट व पाउल आल्टहाउस यांनी प्रसिद्ध केलेल्या आन्सबाख निवेदनात कुटुंब, लोक व वंश यांतूनही ईश्वराचा नियम आपल्यावर बंधनकारक होतो, असे सांगून हिटलररूपी नेत्याबद्दल ईश्वराचे आभार मानले होते.

विरोधाच्या मर्यादा : श्रद्धाघोषक चर्चला मोठी किंमत मोजावी लागली. मार्च १९३५ मध्ये नव्या वंशपूजक धर्माविरुद्धचे निवेदन व्यासपीठावरून वाचू नये म्हणून प्रशियात सातशेहून अधिक पाळकांना अटक झाली. हिटलरवरील निष्ठेची बिनशर्त शपथ नाकारल्यामुळे बार्थला बॉन विद्यापीठातील अध्यासन गमवावे लागले आणि १९३५ मध्ये तो बाझेलला परतला. १९३६ मध्ये चर्चच्या हंगामी नेतृत्वाने हिटलरला पाठविलेल्या निवेदनात छळछावण्या व ज्यूद्वेषाची सक्ती यांचा स्पष्ट निषेध होता. ते परदेशी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. या प्रकरणी अटक झालेला चर्चचा ज्यू वंशाचा कायदेतज्ञ फ्रीड्रिख वाइसलर फेब्रुवारी १९३७ मध्ये झाक्सनहाउझेन छावणीत छळामुळे मरण पावला. १ जुलै १९३७ रोजी अटक झालेला नीमलर १९४५ पर्यंत बंदिवासात राहिला.

असे असले, तरी बहुसंख्यांचा विरोध चर्चच्या कुंपणापाशीच थांबला. ‘आर्य कलमा’ला हरकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना ते शासकीय सेवेत लागू करण्याबद्दल आक्षेप नव्हता. बार्मेनच्या घोषणापत्रात ज्यूंचा उल्लेखही नाही. १९३८ मध्ये बहुतेक पाळकांनी हिटलरच्या निष्ठेची शपथ घेतली. ती घेऊन झाल्यावर शासनाला तिची गरजच नव्हती, असे पक्षाकडून कळविण्यात आले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सिनॅगॉग जाळण्यात आली, तेव्हा चर्चचे अधिकृत नेतृत्व गप्प राहिले. डिसेंबर १९४१ मध्ये जर्मन ख्रिस्त्यांच्या वर्चस्वाखालील सात प्रादेशिक चर्चनी ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना आपल्यातून वगळले. ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना स्थलांतरास साहाय्य करणारे हाइनरिख ग्र्यूबर याचे बर्लिनमधील कार्यालय, मनोरुग्ण व अपंग यांच्या हत्येविरुद्ध बिशप टेओफील वुर्म याने १९४० मध्ये पाठविलेले पत्र आणि वंश, वय वा आजार या कारणांवरून माणसे मारणे हे ईश्वरी आज्ञेचे उल्लंघन आहे, असे सांगणारा १९४३ च्या ब्रेस्लाउ धर्मपरिषदेचा ठराव, ही याला अपवाद म्हणावी अशी उदाहरणे होत. कॅथलिक चर्चनेही जुलै १९३३ मध्ये हिटलरशी करार केला होता. त्याच्या उल्लंघनाविरुद्ध पोप अकरावा पायस याने मार्च १९३७ मध्ये जर्मन भाषेत परिपत्रक काढले.

बोनहोफरची भूमिका : ही मर्यादा सर्वांत आधी डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) या तरुण धर्मशास्त्रज्ञाने ओळखली. एप्रिल १९३३ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याने शासनाबाबत चर्चची तीन कर्तव्ये सांगितली : शासनाला त्याच्या कृत्यांच्या न्याय्यतेविषयी जाब विचारणे, शासनाच्या कृत्यांना बळी पडलेल्यांना, मग ते ख्रिस्ती नसले तरी, साहाय्य करणे, आणि प्रसंगी चाकाखाली सापडलेल्यांची केवळ शुश्रूषा न करता ते चाकच रोखणे. अहिंसक प्रतिकाराचा मार्ग जाणून घेण्यासाठी म. गांधींकडे येण्याची त्याची इच्छा होती. इंग्लंडमधील बिशप जॉर्ज बेल याने त्यासाठी शिफारस केली व गांधींनी नोव्हेंबर १९३४ मध्ये त्याला आमंत्रणही पाठविले; तथापि श्रद्धाघोषक चर्चच्या पाळकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी आल्याने ही भेट घडली नाही. पुढे लष्करी गुप्तवार्ता विभागातील कटवाल्यांशी त्याने हातमिळवणी केली. अहिंसेचे आकर्षण असलेला हा धर्मशास्त्रज्ञ हुकूमशहाच्या हत्येच्या कटात सामील झाला; पण ते कृत्य निर्दोष असल्याचा दावा त्याने केला नाही. इतरांसाठी दोष पत्करण्याची तयारी हा जबाबदार कृतीचा भाग आहे, असे त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘नीतिशास्त्र’ (१९४९) या ग्रंथातील प्रतिपादन आहे. ५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली व ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्यूर्ख छावणीत फाशी देण्यात आली.

युद्धोत्तर काळ व मूल्यमापन : ऑक्टोबर १९४५ मध्ये प्रॉटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी स्टुटगार्ट येथे दोषाची कबुली दिली, तीतही ज्यूंचा उल्लेख नव्हता. तो १९५० च्या व्हाइसेनझे येथील धर्मपरिषदेत आला. बार्मेन येथे हा प्रश्न निर्णायक न मानणे हा आपला दोष होता, असे बार्थने १९६७ मध्ये एका पत्रात लिहिले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध १९८२ मध्ये मांडलेल्या व १९८६ मध्ये स्वीकृत झालेल्या बेलहारच्या श्रद्धाघोषणेवर बार्मेनचा प्रभाव स्पष्ट दिसतो. १९८५ च्या ‘कायरोस’ पत्रकाने तर सत्तेला पाठिंबा देणारे व अन्यायापुढे तटस्थ राहणारे अशी दोन्ही धर्मशास्त्रे सदोष ठरविली.

जर्मन चर्चसंघर्षाने राजकीय मतांची एखादी ख्रिस्ती संहिता दिली नाही. राष्ट्र, वंश वा नेता यांना श्रद्धेत स्थान दिल्यास श्रद्धा सत्तेची दासी बनते, ही गोष्ट बार्मेनने दाखविली; पण चर्चने स्वतःचे स्वातंत्र्य राखले म्हणजे त्याचे राजकीय कर्तव्य संपले, या समजुतीचे दुष्परिणाम पुढील अकरा वर्षांत दिसून आले. ज्यांच्याशी आपले धर्मबंधुत्व नाही, त्यांच्यावरील अन्यायाच्या वेळी श्रद्धावंत काय करतात, या कसोटीवर बहुतेक सर्व जर्मन चर्च उणे ठरले आणि हे मान्य करण्यास त्याला युद्धानंतरही अनेक वर्षे लागली.