घरातल्या पाच सूना

मी सहा-सात वर्षांची असेन. चातुर्मासात गावच्या मंदिरात प्रवचन चाललं होतं. महाराज म्हणाले, "गृहस्थाच्या घरी पाच सूना असतात आणि त्यांच्यामुळे त्याला पाप लागतं." मी आजीच्या मांडीवर बसून बोटं मोजली. आमच्या घरी तर तीनच सुना होत्या. आई, मोठी काकू आणि धाकटी काकू. उरलेल्या दोघी कुठे गेल्या, आणि आईमुळे कुणाला पाप कसं लागेल, असं मी मोठ्यानं विचारलं, तेव्हा बायकांच्या बाजूला हसू फुटलं. आजीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

घरी आल्यावर तिनं समजावून सांगितलं. सूना म्हणजे सूनबाई नव्हे. सूना म्हणजे नकळत जीवहिंसा होते ती जागा. उखळ, जातं, चूल, पाण्याची घागर आणि केरसुणी. मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "पण तुझं फार चुकलं नाही गं. या पाचही जागी उभी असते ती सूनच."

सूर्य, वारा, पाणी आणि शेण यांपासून मिळणाऱ्या शक्तीबद्दल लिहायला बसले, तेव्हा मला आजीचं हे वाक्य आठवलं. सरकारी भाषेत या शक्तीला 'अपारंपरिक ऊर्जा' म्हणतात. मला त्याचं हसू येतं. मैत्रिणींनो, पापड आणि कुरडया उन्हाशिवाय कधी वाळल्या? खळ्यात तूर आणि ज्वारी उपणायला वाऱ्याशिवाय दुसरं कोण आलं? आपल्या घरांत तर कोळसा आणि डिझेल हेच पाव्हणे. ऊन-वारा घरचेच. तरी या घरच्यांचा हिशोबही एकदा नीट मांडायला हवा. फायदा कुणाला झाला आणि भार कुणी वाहिला, हे पाचही सूनांजवळ जाऊन बघायला हवं.

उखळ आणि जात्याची शक्ती म्हणजे बाईचे दंड. आजी पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळायची. पुढे गावात डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी आली. तिच्या धुराड्याचा 'पुक पुक' आवाज मळ्यापर्यंत ऐकू यायचा. धुराला वास होता, पिठालाही कधी कधी वास यायचा. पण गिरणीला नावं ठेवणारी एकही बाई मला आठवत नाही. पुरुष मात्र म्हणायचे की जात्यावरच्या पिठाची चव गेली. कुठल्याही ऊर्जेचे तोटे ऐकताना मी आधी बघते, सांगणाऱ्याच्या हाताला घट्टे आहेत का.

पाण्याची गोष्ट जरा लांबची आहे. आमच्या विहिरीवर मोट होती. मोट चामड्याची. चामड्यातलं पाणी आपल्याकडे प्यायला चालत नाही, म्हणून घरचं पाणी बायकांनी दोरानं शेंदायचं आणि मोटेचं पाणी रानाला. म्हणजे धर्म पाळायचा घरानं आणि शेंदायचं सुनांनी. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात राहिलेली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. ज्याचं घेतलं त्याला परत द्यायचं, हा नियम मला लहानपणी कंटाळवाणा वाटे. आज तो फार मोठा वाटतो.

बीदरजवळ नौबादला गेलात तर तिथला 'करेज' जरूर बघा. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, जांभ्या खडकाच्या पोटातून बोगदा खणून पाणी आणलं होतं. वर ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि साफसफाईसाठी उभी विवरं. मोट नाही, बैल नाही, इंजिन नाही. नुसत्या उतारानं पाणी आपल्या पायानं चालत यायचं. शिवाय अशा बोगद्यातून झिरपून येतं तेवढंच पाणी मिळतं, जास्त ओढता येत नाही. अर्थात तो खडक फोडताना माणसांनी किती घाम गाळला असेल!

मोट गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटार आली आणि मागोमाग बोअर. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे. आता सूर्यावर चालणारे पंपही आले. त्यांचं सुख मोठं आहे. लाईटची वाट बघत धन्यानं मध्यरात्री साप-विंचवाच्या रानात जायला नको. दिवसाढवळ्या पाणी देता येतं. पण ऊनही फुकट आणि उपसाही फुकट झाला की हात आखडता कोण घेणार? ऊन उद्या पुन्हा येईल. तीनशे फुटांवरचं पाणी उद्या पुन्हा येईलच असं नाही. आणि बोअरमध्ये जिवाणी नीट परत सोडताही येत नाही. घेण्याची वाट उरली, देण्याची बुजली.

आता चूल. आमच्याकडे तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या आणि बाभळीचं जळण. हे सगळंच दरवर्षी नव्यानं उगवणारं. म्हणजे आजच्या भाषेत आजीची चूल 'नवीकरणीय' होती! पण त्या चुलीनं आजीचे डोळे नेले आणि काकूची छाती. भाकरी थापताना काकूला ढास लागायची. आम्ही मुंगी वाचवण्यासाठी लाकूड झटकून चुलीत घालायचो. फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाचा विचार कुणी केला नाही. अहिंसेच्या घरातली ही चूक मला आजही बोचते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्राध्यापक ए. के. एन. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अस्त्र' नावाचा विभाग काढला. खेड्याला उपयोगी पडेल असं विज्ञान करायचं, हा त्यांचा ध्यास. त्यांनी कमी जळणात पेटणारी, धूर धुराड्यातून बाहेर सोडणारी 'अस्त्र ओले' तयार केली. कानडीत ओले म्हणजे चूल. पुढे ती कर्नाटकभर खेड्यांतून बांधली गेली. याच लोकांनी तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावात गावाचा मिळून गोबरगॅस उभारला. आधी बेत होता सगळ्यांच्या स्वयंपाकाला गॅस देण्याचा. पण तेवढं शेणच निघेना. म्हणून १९८७ पासून त्या गॅसवर इंजिन चालवून नळाचं पाणी आणि दिवे दिले. पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरला, शेणाचं खत शेताला परत मिळालं. पण चूल राहिली तशीच राहिली. शेणाच्या गॅसचा तोटाही यातच आला. गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर घरचा गॅस मिळतो. जिच्या दारात एक शेळी, तिला काय मिळणार?

आमच्या घरी गोबरगॅसची टाकी होती. दोन गायी गेल्या आणि टाकी बंद पडली. मग सिलिंडर आला. तो जमिनीतल्या तेलाचा, संपणारा. पण आईचा खोकला त्यानंच थांबवला, हे मी कसं नाकारू?

घरातून बाहेर पडून मोठ्या विजेकडे बघू. म्हैसूरच्या राजांनी १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्यावर वीज काढून कोलारच्या सोन्याच्या खाणीला पोचवली. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. खेड्यापाड्यांत घासलेटची चिमणी त्यानंतरही कितीतरी वर्षं होतीच. पाण्याची वीज धुराची नसते, जळण मागत नाही, म्हणून तिला पांढरा कोळसा म्हणत. पण मुळशीच्या मावळ्यांना विचारा. टाटांच्या धरणासाठी मुंबईला वीज देताना त्यांची शेतं बुडायची होती. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढे झाले, बायकाही उतरल्या. तरी धरण झालंच. नदी पुन्हा भरते. बुडालेलं गाव पुन्हा वर येत नाही.

आपल्या बीदरकडे उसाची वीज आहे. साखर कारखान्यात रस काढून उरलेलं चिपाड जाळून वाफ आणि वाफेवर वीज. टाकाऊतून टिकाऊ, छानच. पण चिपाडासाठी ऊस हवा आणि उसाला पाणी हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, हे आपण डोळ्यांनी बघितलं. विजेच्या बिलात त्या पाण्याचा आकडा नसतो.

वाऱ्याचंही तसंच. सातारच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना बघून मन हरखतं. आषाढ-श्रावणात ऊन नसतं तेव्हा वारा भरपूर, म्हणजे दोघं एकमेकांची पाळी सांभाळतात. पण दोघांचीही वीज वाहायला तारा लागतात. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तो माळढोक पक्षी राजस्थानात अशा तारांवर आदळून मरतो. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, वळेपर्यंत तार अंगावर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

आपल्याकडे पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती या पाचांनाही जीव मानतात. म्हणजे कोळसा घ्या की धरण, चिपाड घ्या की पवनचक्की, पूर्ण निर्दोष शक्ती नाहीच. म्हणून गृहस्थाच्या हिंसेला शास्त्रानं 'आरंभी' असं वेगळं नाव दिलं. घर चालवताना ती होणार, तिची जाण ठेवायची आणि कमी करत जायचं. रायचूरला १९८५ पासून कोळशावर वीज निघते. तिची राख आणि धूर बघितला की सूर्य नक्कीच बरा. पण बरा म्हणजे बिनहिशोबी नव्हे.

हा हिशोब गेल्या वर्षी आमच्या दारात आला. माझ्या मावसबहिणीची आळंद तालुक्यात अकरा एकर कोरडवाहू जमीन आहे. तिच्याकडे एक माणूस आला. जमीन भाड्यानं द्या, आम्ही सौर पॅनल बसवतो. तिनं मला फोन केला, "अक्का, पाऊस नको, कीड नको, वर्षाला रोख पैसे. काय करू?" मी तिला पावगडचं सांगितलं. तुमकूर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी भागात सुमारे १३ हजार एकरांवर २०५० मेगावॉटचा सौर पार्क झाला. जमीन विकत न घेता एकरी वर्षाला २१ हजार भाड्यानं घेतली, मालकी शेतकऱ्याचीच राहिली. जमीनवाल्याला आधार झाला. पण ज्यांना जमीनच नव्हती, त्यांची रानातली मजुरी गेली.

बहीण गप्प झाली. मग म्हणाली, "आपल्या रानात तूर काढायला येतात त्या बायका तुराट्या घरी नेतात. त्यांची चूल वर्षभर त्याच्यावरच."

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आपण मिरवतो. पण त्याच तुरीचं काड हे कुणाचं तरी जळण आहे. रान पॅनलखाली गेलं की वीज शहरात जाईल, भाडं बहिणीकडे येईल आणि त्या बायकांची मजुरी आणि जळण दोन्ही जाईल. मग त्या सिलिंडर कशानं भरणार?

बहिणीनं कळवलं की मुरमाड माळाचे चार एकर घ्या, तुरीचं रान नाही. त्यांना सलग तुकडा हवा होता. बोलणं तिथंच थांबलंय. घरात काहीजण तिला अजून वेडी म्हणतात.

आपल्या हातात काय, असं विचाराल. छत आपलं आहे. तिथं कुणाचं रान जात नाही, लांबच लांब तारा लागत नाहीत. २०२४ च्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो. पण आपल्याकडे २०० युनिटपर्यंत वीज फुकट, तेव्हा छपरावर पैसे कोण घालणार, असं घरोघरी ऐकू येतं. मी स्वतः आधी कंदील घेऊन फसले. दुकानदारानं तीन वर्षांची बॅटरी म्हणून दिला, वर्षात मेला, आणि ती बॅटरी टाकायची कुठे हे कुणी सांगेना. पॅनल पंचवीस वर्षं टिकतात, त्यांचाही तोच प्रश्न पुढे येणार आहे. म्हणून घेताना विचारून घ्या, लिहून घ्या.

आणि एक पेटी-कुकर घ्या. काळी भांडी, काचेचं झाकण, आरसा. सकाळी दहाला तूरडाळ आणि भात ठेवून मंदिरात जा. दुपारी शिजलेलं असतं. धूर नाही, ज्वाला नाही, आणि जवळ उभं राहायला सूनही लागत नाही. ढगाळ दिवशी चालत नाही, भाकरी त्यात होत नाही, घाईच्या घरात जमत नाही. हे तिन्ही तोटे खरे आहेत. पण सूर्य मावळायच्या आत जेवणारी माणसं आपण. त्याच्याच वेळेवर जेवतो, तर निदान एक भांडं त्याच्याकडे सोपवायला काय हरकत आहे?