मानमोडीची साथ, पोलीस पाटलाची वही आणि पैनगंगेचे दोन काठ

1918 च्या इन्फ्लुएंझात, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीच्या साथीत, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वात जास्त मृत्युदराच्या प्रांतांत ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ अगदी वर दिसतो. बंगाल बराच खाली. यावरून ‘वऱ्हाडातला कारभार सगळ्यात वाईट होता’ असं कुणी म्हटलं, तर थोडं थांबा. आकडा नुसत्या रोगाचा नसतो, तो लिहिणाऱ्याचाही असतो.

पातूर तेव्हा अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यात होतं. वऱ्हाडात गावातल्या जन्ममृत्यूची नोंद पोलीस पाटलाकडे असायची. पाटलाला बहुधा लिहितावाचता यायचं. प्रांताच्या बाकी भागात मात्र ती जबाबदारी कोतवालाची. त्याला अनेकदा अक्षरओळख नसे, तोंडी खबर ठाण्यात जायची आणि तिथला मुन्शी ती लिहून घ्यायचा. फरक एवढासाच, पण पुढचा सगळा डेटा त्यावर उभा आहे. टिम डायसन यांनी 1989 च्या ‘इंडियाज हिस्टॉरिकल डेमोग्राफी’ या ग्रंथात 1881 ते 1980 या शंभर वर्षांच्या अभ्यासासाठी वऱ्हाड घेतला, तो इथल्या नोंदी तुलनेने बऱ्या म्हणूनच.

आता नकाशा काढा. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड, दक्षिणेला निजामाचं राज्य. माती काळी, पीक कापूस-ज्वारी, भाषा मराठी, आणि 1918 चा फसलेला पाऊसही दोन्हीकडे तोच. विषाणूला नदीची हद्द कुठून कळणार? पण वहीला कळत होती. वऱ्हाडातले मृत्यू महिन्यागणिक छापील तक्त्यात सापडतात. संस्थानांतले मृत्यू सरकारी हिशोबात जवळजवळ अंदाजाने धरले गेले. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1911 मध्ये सुमारे 1 कोटी 34 लाख होती, 1921 च्या जनगणनेत ती 1 कोटी 25 लाख भरली. या 9 लाखांत दुष्काळ आणि स्थलांतराचाही वाटा आहे, तो वेगळा काढायला हवा. पण साथीत गेलेली माणसं तिथे ‘मृत’ म्हणून फारशी दिसतच नाहीत, तीन वर्षांनी ‘कमी भरलेली’ म्हणून दिसतात.

वऱ्हाडच्या वहीतही ‘इन्फ्लुएंझा’ शोधायला जाऊ नका. पटकी, देवी, प्लेग यांना स्वतंत्र रकाने होते, नवा रोग मुख्यतः ‘ताप’ या रकान्यात गेला. म्हणून पद्धत अशी: आधीच्या वर्षांतल्या त्याच महिन्यांची सरासरी काढायची आणि 1918 च्या सप्टेंबर-डिसेंबरमधून ती वजा करायची. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी देशभरासाठी सुमारे 60 लाख मृत्यू धरले होते. पुढच्या संशोधकांचे अंदाज 1.4 ते 1.8 कोटींपर्यंत गेले.

चांगली नोंद म्हणजे चांगला प्रतिसाद, असं मात्र समजू नका. पाटलाची वही वरच्या ऑफिसपर्यंत पोचत होती, खाली औषध येत नव्हतं. दवाखाने मोजके आणि डॉक्टर बरेचसे महायुद्धाच्या कामावर. मोजायची क्षमता आणि वाचवायची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गव्हर्नन्स’ असा एकच निर्देशांक घेऊन रिग्रेशन चालवलं की त्या एकमेकांत मिसळतात. (हे निर्देशांक मला तसेही जरा गुळगुळीत वाटतात.)

कोविडमध्ये हेच कोडं पुन्हा आलं. महाराष्ट्र मृत्यूंच्या यादीत कायम पहिला. जानेवारी 2022 मध्ये 50 हजारांच्या सानुग्रह मदतीचे आकडे सुप्रीम कोर्टापुढे आले: महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू सुमारे 1.41 लाख, अर्ज सुमारे 2.13 लाख. गुजरातमध्ये अधिकृत सुमारे 10 हजार, अर्ज जवळपास 90 हजार. मदतीसाठी मृत्यूची व्याख्या सैल होती, काही अर्ज दुबारही असतील. तरी दीडपट आणि नऊपट यातला फरक तेवढ्याने भरून निघत नाही. यादीत वर असलेलं राज्य निदान लिहीत तरी होतं.

आणि वेळेचा मुद्दा. व्हाइट यांचा प्राथमिक अहवाल 1919 मध्येच छापून आला, तोही तार आणि टपालाच्या काळात. 2021 मध्ये देशात 1.02 कोटी मृत्यूंची नोंद झाली, आदल्या वर्षापेक्षा सुमारे 21 लाखांनी जास्त. तो नागरी नोंदणीचा अहवाल मे 2025 मध्ये बाहेर आला.